एक माणूस, दोन ट्रंका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या बाजूला प्रयोग ठरवताना शाळा, मंडळं, वाचनालयं आणि पालक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. क्रमाला काही अर्थ नाही. फोन करण्याआधी एवढं वाचलंत तर दोघांचाही वेळ वाचेल.

तुम्ही नेमकं करता काय? जादूचे प्रयोग का?

जादू नाही. माझ्या हातून काहीही गायब होत नाही, सगळा कारभार उघड्यावर असतो. एक सतरंजी, पत्र्याच्या दोन ट्रंका आणि मी. साधारण पन्नास मिनिटं. चेंडू, डबे, टोप्या हवेत खेळवायच्या, ते करताना होणारी फजिती लपवायची नाही, आणि त्याच वस्तूंमधून एखादी गोष्ट उभी करायची. जगलिंग, विदूषकी आणि वस्तूंचं नाटक अशी याची तीन नावं सांगता येतील, पण प्रयोगात ती सुटी करता येत नाहीत. डबा हवेत गेला की जगलिंग, खाली येताना डोक्यावर बसला की विदूषकी. आणि तोच डबा सतरंजीवर ठेवून मी बाजूला सरलो, तरी तुम्ही त्याच्याकडेच बघत राहिलात, की नाटक.

बोलणं जवळजवळ नसतंच. मधूनच एखादं "हां", "अरे", "थांबा की".

वस्तूंचं नाटक म्हणजे बाहुल्यांचा खेळ ना?

नातं जवळचं आहे. पण बाहुली कुणासारखी तरी दिसावी म्हणून घडवलेली असते. तिला डोळे असतात, सांधे असतात. इथे वस्तू आहे तशीच राहते. उलथन्याला मी डोळे चिकटवत नाही. ते उलथनंच असतं, आणि तरी थोड्या वेळानं त्यात तुम्हाला तुमच्या शाळेतले कडक हेडमास्तर दिसायला लागतात, कारण ते ताठ आहे, टोकाला रुंद आहे आणि ताटावर एकदा वाजलं की सगळे गप्प होतात.

हे बघायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल आत पडतो. तो सीटवर पडला की तिथे माणूस बसला, हे अख्खी गाडी मान्य करते. मागून चढलेला धिप्पाड गडीसुद्धा त्या वीतभर कापडाला उठवत नाही, "रुमाल कुणाचा हाय?" म्हणून विचारतो. रेशनच्या रांगेत पिशव्या, दगड, चपला नंबर धरून उभ्या असतात, आणि कुणी एखादी चप्पल पायानं मागं सारली तर त्यावरून खरंखुरं भांडण होतं. माझ्या प्रयोगातला एक भाग यावरच आहे. सात चपलांची रांग लागलेली असते आणि मधेच एक पॉलिश केलेला बूट घुसतो. पुढचं सांगत नाही.

या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये, फ्रान्समध्ये. कॅटी देविल या कलावतीनं ते दिलं असं मानतात. त्या आणि क्रिस्तियाँ कारिन्यों मिळून स्वयंपाकघरातल्या वस्तू टेबलावर मांडून नाटकं करत. नाव तिकडचं असलं तरी एसटीतला रुमाल त्याच्या आधीचा आहे.

हे सगळं परदेशी. आपल्या मातीतलं काही का करत नाही?

हा प्रश्न सांगलीत विचारला जातो याची मला गंमत वाटते.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं; त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतो. आता ते नाटक कुठून आलं बघा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काहीतरी मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं. भाव्यांनी लाकडी बाहुल्यासुद्धा घडवल्या होत्या. शंभराहून जास्त वर्षांनी बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. म्हणजे ज्यांना आपण मराठी नाटकाचे जनक म्हणतो त्यांनी शेजाऱ्यांचं बघून सुरुवात केली, आणि निर्जीव वस्तूंकडूनही काम करून घेतलं.

दुसरी गोष्ट सर्कशीची. विष्णुपंत छत्रे आपल्याच जिल्ह्यातले, अंकलखोपचे. घोड्यांचे मोठे जाणकार. किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती, ती पाहून त्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली. भारतीय माणसानं काढलेली ही पहिली सर्कस मानली जाते. पुढे ते तंबू घेऊन केरळात तलश्शेरीला गेले. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतीच्या शिक्षकांशी त्यांची गाठ पडली आणि केरळात सर्कशीचे कलाकार घडू लागले. देशभरच्या तंबूंत वर्षानुवर्षं मल्याळी झोकेवाले दिसत, त्या धाग्याचं एक टोक कृष्णाकाठी आहे. नाटकाची पाटी आपण मिरवतो. सर्कशीची लावायचं राहून गेलं, आणि माझ्या मते हा मोठा करंटेपणा आहे.

तिसरं म्हणजे सोंगाड्या. काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी कवलापूरची, सांगलीहून हाकेच्या अंतरावरची. फजितीतून हसवणं शिकायला मला पॅरिसला जायची गरज नव्हती.

जगलिंगचं म्हणाल तर घरातल्या आजीला सागरगोटे आणून द्या आणि बघा. एक वर उडवायचा, तो परत यायच्या आत खालचे उचलायचे, नजर मात्र वरच्यावर. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर मुली आणि बायका अशाच टणक बिया गोल फिरवत उडवतात. तिथेही तो मुलींचाच खेळ. पुरुषांनी त्याचं तिकीट लावलं, एवढाच काय तो फरक.

एका वेळी किती चेंडू उडवता?

बहुतेक वेळ तीन. पाच येतात, पण प्रयोगात क्वचितच काढतो. कारण सांगतो.

एक मीटर उंच फेकलेला चेंडू हातात परत यायला सुमारे ०.९ सेकंद लागतो. त्याला दुप्पट वेळ हवेत ठेवायचा तर दुप्पट नव्हे, चौपट उंच फेकावा लागतो. म्हणजे चेंडू वाढले की उंची वाढते, आणि उंची वाढली की लोकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून उठून छताला लागते. निव्वळ जगलरला ते चालतं. एन्रिको रास्तेली (१८९६–१९३१) हा इटालियन कलाकार दहा चेंडू खेळवायचा. त्याच्याकडे बघताना मान वर गेली तरी बिघडत नव्हतं. विदूषकाचा चेहरा मात्र दिसलाच पाहिजे. तीन चेंडू कपाळाच्या उंचीवर फिरतात आणि त्यांच्या आरपार मी दिसतो.

गणितवाल्यांसाठी: माहिती सिद्धांताचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी जगलिंगचं समीकरण मांडलेलं आहे. त्यात चेंडू हवेत किती वेळ, हातात किती वेळ आणि हात रिकामा किती वेळ, या तिन्हींचा हिशोब आहे. मला त्यातला तिसरा वेळ सगळ्यात जास्त आवडतो. हात रिकामा असतो तेवढ्यात नाक खाजवता येतं, टोपी सरळ करता येते, पहिल्या रांगेतल्या काकांना नमस्कार करता येतो. विनोद तिथेच बसतो.

आणि चेंडू पडला तर?

पडतोच. काही वेळा मी पाडतो, काही वेळा तो आपला आपण पडतो, आणि कुठला कसा पडला हे तुम्हाला कळू नये यावर मी बरीच मेहनत घेतो.

पडलेला चेंडू झटकन उचलून ओशाळं हसलं की लोकांना दया येते, हसू येत नाही. क्रम असा लागतो: आधी चेंडूकडे बघायचं, मग लोकांकडे, मग परत चेंडूकडे. या तीन नजरांमध्ये घाई केली की सगळं वाया गेलं. लोकांना माणसाच्या मनातला विचार येताना दिसला पाहिजे: "हा माझाच का? कुणी पाहिलं का? पाहिलं वाटतं."

शिक्षकांना एक विनंती. चेंडू पडला की पोरं "पडलाऽऽ" म्हणून ओरडतात. त्यांना दटावू नका. त्या ओरडण्याला पुढचं उत्तर मी देणार असतो, आणि तुम्ही "शूऽऽ" केलंत की माझा अर्धा संवाद जातो.

चेहरा रंगवता का? आमचं बाळ जोकरला घाबरतं.

रंग लावत नाही. लाल नाक आहे, पण ते शेवटी शेवटी आणि थोडाच वेळ. पॅरिसमध्ये नाट्यशाळा चालवणारे जाक लकॉक लाल नाकाला जगातला सगळ्यात लहान मुखवटा म्हणत. मी ते लोकांसमोरच चढवतो, त्यामुळे आत कोण आहे हे मुलांना ठाऊक असतं. तीन वर्षांखालच्या मुलांना पहिल्या रांगेत एकटं बसवू नका. आईच्या नाहीतर आजोबांच्या मांडीवर, जरा मागं. कुणालाही हात धरून मी पुढे ओढत नाही. मोठ्यांनाही नाही, काकांनी निश्चिंत यावं.

पुरावर विनोदी प्रयोग करता असं ऐकलं. लोकांचे संसार वाहून गेले, त्यावर हसायचं?

हा प्रश्न रागानंही विचारला जातो आणि तो राग मला पटतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून आलेल्या प्रत्येक फोनचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं: "किती फूट झालं?"

माझ्याकडे स्टीलचे डबे आहेत. खाली पिठाचा मोठा, त्यावर डाळीचा, मग तांदळाचा, मग साखर, चहा, सगळ्यात वर हळदीची डबी. एकेक डबा चढतो, तसा मी सतरंजीवरचं सामान वर न्यायला लागतो: सतरंजीवरून पाटावर, पाटावरून खुर्चीवर, खुर्चीवरून ट्रंकेवर. चपला, दप्तर, देव, बेदाण्याचं खोकं. हा माणूस शेवटपर्यंत ठरवू शकत नाही की आधी काय उचलायचं. रिमोट वर नेतो, टीव्ही खालीच. कुकर वर, शिट्टी खाली. देवाला वर ठेवतो, मग जागा कमी पडते म्हणून देवाच्या हातात कुकर देतो. लोक हसतात ते इथे. हसतात कारण त्यांनीही हेच केलेलं असतं. पाण्यावर कुणी हसत नाही, आणि मी तसं सुचवतही नाही.

बघणाऱ्यांना वाटतं डब्यांचा मनोरा आता कोसळणार. जगलरच्या प्रयोगात तशी अपेक्षा असणं रास्तच आहे. मी तो पाडत नाही. एकेक डबा उतरवतो आणि पुसतो. पूर ओसरल्यावर गावोगाव तेच चाललं होतं. आठवडेच्या आठवडे पुसणं आणि डबे उन्हात ठेवणं. हा भाग हाताला फार संथ लागतो आणि त्यात टाळी वाजवायची जागा नाही, तरी तो मी कापत नाही.

नदीचं पाणी चढत असेल त्या आठवड्यात हा भाग वगळतो. उरलेल्या दिवसांत तो नको असेल तर आधी सांगा, त्याऐवजी चपलांची रांग मोठी करता येते.

जागा कशी लागते?

नाट्यगृह लागत नाही. शाळेचा हॉल, वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप, वाड्याचा चौक, काहीही चालेल. मात्र:

छत किमान बारा फूट हवं. पंखे बंद ठेवावे लागतात, आणि हे उन्हाळ्यात सांगताना मलाही जिवावर येतं. पंख्याच्या पात्याला चेंडू लागला तर चेंडूचं काही होत नाही. तो पुढे कुणाच्या चष्म्याला लागतो. फरशी गुळगुळीत असली तर उत्तम, कारण एक भाग घरंगळणाऱ्या तांब्याचा आहे आणि शेणानं सारवलेल्या अंगणात तांब्या मनासारखा वळत नाही. उघड्यावर असेल तर संध्याकाळी, वारा पडल्यावर. सूर्य माझ्या समोर नको, वर फेकलेली वस्तू दिसत नाही.

उंच स्टेज टाळा. लोक समोर आणि दोन्ही बाजूंनी जमिनीवर बसलेले बरे. दीडशेच्या वर प्रेक्षक घेत नाही. मागच्या माणसाला वाटी दिसली नाही तर त्याच्यापुरता एक माणूस हवेत हात हलवत होता, एवढंच उरतं. पाचशे मुलांची शाळा असेल तर एकाच दिवशी चार प्रयोग करू, पण एकाच मैदानावर पाचशे नको.

गणेशोत्सवात येता का?

येतो, आनंदानं. आरतीच्या आधीची वेळ द्या. ऑर्केस्ट्रा आणि लकी ड्रॉच्या मधली वीस मिनिटं देऊ नका. प्रयोग चालू असताना शेजारच्या चौकातला डॉल्बी बंद ठेवायला लावणं आपल्यापैकी कुणाच्याच हातात नाही हे मला कळतं, तेव्हा गल्ली जरा आतली बघा.

वाढदिवसाला?

शक्यतो नाही. केक समोर असताना माझ्याकडे कुणी का बघावं?

आगीचे गोळे, सुऱ्या असतात का?

नाहीत. कापडी मांडव, रॉकेल आणि पोरांची गर्दी हे एकत्र येऊ नये. शिवाय मुलं घरी जाऊन जे बघितलं ते करतात. त्यांनी घरी जाऊन वाट्या उडवाव्यात. आवाज होईल, पण पोरं शाबूत राहतील.

सर्कशी बंद पडत चालल्या. तुम्ही त्यातूनच आलात का?

मी तंबूत वाढलेलो नाही. सर्कशी कमी का झाल्या याला एकच कारण देतात ते मला पटत नाही. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. २०११ मध्ये लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी आली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण शहरातली मोकळी मैदानं गेली, भाडी वाढली, एवढा मोठा ताफा गावोगाव हलवणं महाग झालं, यावर कुणी फार बोलत नाही. माझा सगळा संसार दोन ट्रंकांत मावतो आणि एसटीच्या मागच्या सीटखाली जातो. त्यातली एक तर कंडक्टरला दिसतच नाही.

परवानग्या कोण काढणार?

तिकीट लावून प्रयोग असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत झालेली लागते. ते काम माझ्याकडे. सार्वजनिक जागा, मांडव आणि पोलीस ठाण्याची परवानगी आयोजकांनी बघायची. लाउडस्पीकर मी वापरत नाही, त्यामुळे रात्री दहाच्या नियमाची अडचण येत नाही. तरी मुलांसाठी आठच्या आत संपवलेलं बरं.

आमच्या मुलांना शिकवाल का? एकाग्रता वाढते ना?

शिकवतो. एकाग्रतेचं पालक फार विचारतात, म्हणून जे ठाऊक आहे तेवढंच सांगतो. २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तीन महिने तीन चेंडूंचा सराव केलेल्या प्रौढांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागात, वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती कमी झाली. दहावीच्या टक्क्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

चेंडू विकत घेऊ नका. छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बाजरी नाहीतर ज्वारी भरून गोळा चिकटपट्टीनं बंद करा. फुग्याचं तोंड कापून तो गोळ्यावर चढवा, दुसरा फुगा उलट बाजूनं. एकेक चेंडू शंभर ते सव्वाशे ग्रॅमचा, मुठीत बसेल असा. टेनिसचा चेंडू हलका पडतो आणि पडला की कॉटखाली जातो. धान्याचा आहे तिथेच बसतो. पावसाळ्यात मात्र आत किडे होतात आणि उंदरांना पत्ता लागतो, तेव्हा डब्यात ठेवा.

पलंगाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे वाकावं लागत नाही. एक चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात, डोळ्यांच्या उंचीवरून. हाताकडे बघायचं नाही, चेंडू जिथे वर टेकतो तिथे बघायचं. मग दोन: पहिला वर पोचला की दुसरा सोडायचा. इथे जवळजवळ सगळे अडकतात, कारण दुसरा चेंडू वर फेकायच्या ऐवजी खालून सरळ दुसऱ्या हातात सरकवला जातो. हात घाबरून शॉर्टकट घेतो. त्याला तो घेऊ दिला की तिसरा चेंडू कधीच येत नाही. डाव्या हातानं सुरुवात करून बघा, खोड लवकर दिसते. दोन चेंडू बिनधास्त यायला लागले की तिसरा त्याच मानानं सोपा.

वर्गात तीस मुलं आणि दोन तास, एवढं पुरे. शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकानं घरून आणलेली एक वस्तू घेऊन बसायचं आणि तिला काय येतं ते शोधायचं. झाकण फिरतं, चाळणीतून ऊन पडतं, केरसुणी उभी राहत नाही. ज्या मुलाला तीन चेंडू जमत नाहीत ते बऱ्याचदा इथे बाजी मारतं.

यात पोट भरतं का?

शाळांच्या हंगामात भरतं. मे महिन्यात शिबिरं असतात. जून-जुलैत मी डबे दुरुस्त करतो.

मानधन?

अंतर आणि प्रेक्षक यांवर ठरतं. जिल्हा परिषदेच्या शाळांना प्रवास आणि जेवण एवढ्यावर येतो, महिन्यातून काही ठरावीक दिवस. जेवणात भाकरी असली तर बरं. भात खाऊन जगलिंग होत नाही.

मोबाईलवर शूटिंग चालेल?

पहिली पाच मिनिटं करा. नंतर खिशात ठेवा, कारण मी लोकांच्या डोळ्यांकडे बघून काम करतो आणि मोबाईलच्या मागं ते सापडत नाहीत.

आमच्याकडे जुन्या वस्तू आहेत. देऊ का?

द्या, पण निवडून. काच नको. जर्मनची भांडी नकोत, पडली की पोचे येतात आणि वजन बदलतं. पितळी तांब्या, पेले, गडू नेहमी लागतात. स्टीलचे डबे झाकणासकट हवेत, आणि झाकण त्याच डब्याचं हवं. एका पायाची चप्पल आवर्जून द्या. तिला रांगेत जागा आहे.